मडमीचा झगा

शिवणखान्यात मेजाखाली चिंध्या साठतात, तसे मेजावर किस्से साठतात. चिंध्यांची निदान गोधडी होते. किश्शांचं काय करणार? सांगून मोकळं व्हायचं!

जव्हार संस्थानच्या शिवणखान्यात दामूमामा मुख्य शिंपी, मी त्यांच्या हाताखाली. मामा मोखाड्याचे. तिथला बोहाडा म्हणजे मुखवटे लावून देवादिकांची सोंगं नाचवायची जत्रा. एकेक सोंग एकेका घराचं, मान बापाकडून मुलाकडे. मामांनी तीस वर्षं सगळ्या गावाची सोंगं शिवली, पण त्यांचा आजा बाहेरून आलेला, म्हणून घराला सोंग नाही. "गावाला देव आनि मला दोरा," असं म्हणून ते सुई दातात धरायचे. हेच त्यांचं खरं दुखणं. संधिवात वगैरे लोकांना सांगण्यापुरता.

*

एका थंडीत दरबारची पाहुणी म्हणून एक युरोपियन मडम आली. बॅले नावाचा नाच करायची. घाटात बैलगाडी कलंडली, तिची ट्रंक ओढ्यात पडली आणि आतला झगा आमच्याकडे आला. पांढरी जाळी, अकरा थर, लांबी वीतभर! रविवारी दरबारापुढे नाच आहे, नीट करून द्या, असा निरोप.

मामांनी झग्याला वीत लावून पाहिली. मग हळहळून म्हणाले, बिचारीच्या शिंप्याने काम अर्ध्यावर सोडलेलं दिसतंय. दोन दिवस खपून आम्ही मच्छरदाणी कापली आणि झगा घोट्यापर्यंत पुरा केला. वर हिरवा काठही लावला.

फिटिंगला मडम जे काही किंचाळली, त्याचा अर्थ सांगायला इंग्रजी शाळेचे मास्तर होते. त्यांनी घाम पुसला आणि एवढंच सांगितलं, "उसवा."

*

झगा खाली लोंबता कामा नये, छत्रीसारखा आडवा उभा राहिला पाहिजे, अशी मडमीची अट. मामांनी नव्या तांदळाच्या पेजेची खळ दिली आणि झगा उन्हात घातला. पापडासारखा कडक झाला! आम्ही समाधानाने भाकरी खायला बसलो.

परत येऊन पाहतो तर शेळी. दोन थर पोटात गेले होते, तिसरा चालू होता.

मडमीने थर काही मोजले नाहीत. उलट झगा हलका झाला म्हणून शाबासकी दिली. मामांनी शेळीला मूठभर नाचणी घातली.

*

मडम म्हणाली, हे ताठ झगे आता जुने झाले, पॅरिसात सगळी पूर्वेची हवा आहे. तिने एक चित्र काढून दाखवलं. त्यांच्या नाचातली हिंदुस्थानी राणी म्हणे! फुगीर विजार, पोट उघडं, डोक्यावर मोरपीस. तिला खऱ्या राण्यांचा असाच पोशाख बघायचा होता.

मामांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "बायचा लुगडा कोनी नेला?"

मास्तरांनी याचं मात्र चोख भाषांतर केलं. मडमीने ते वहीत टिपून घेतलं.

*

रविवारी मडम नाचली. चवड्यावर नाही, थेट अंगठ्यांच्या टोकावर! झगा शेवटपर्यंत आडवा राहिला. मामांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं.

मोखाड्याचे पाटील दरबाराला आले होते. सगळा नाच पाहून त्यांनी मामांना गंभीरपणे विचारलं, "कोनाचे घरचा सोंग हाय?"

मामा अगदी हळू म्हणाले, "कोनाचाच नाय."

जाताना मडमीने झगा मामांनाच देऊन टाकला. पेजेचा वास येतो म्हणे. मामांनी तो डोक्यावर घेतला आणि मोखाडा गाठला. हे सोंग मामांच्या घराला द्यायचं का, म्हणून पंच बसले. हा देव कोणता, असा प्रश्न निघाला. मामांनी सांगितलं, टाच भुईला लागत नाही, म्हणजे देवच असणार. ते पंचांना पटलं. पण साठीचे मामा अंगठ्यावर कसे उभे राहणार, अशी एकाने शंका काढली.

पाटलांनी निकाल दिला, "देव आपले गावात उतरला का टेकतील टाचा."

त्या बोहाड्यात मामा नाचले. मिशा तशाच, खाली धोतर, वर झगा. बायकांनी ओवाळलं, लेकरं पायावर घातली. मामा रडत होते आणि नाचत होते. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

*

पुढच्या थंडीत मडम परत आली. नवे झगे वाटेतच कुठेतरी अडकले होते आणि दरबार चार दिवसांवर. जुना झगा मागायला ती मास्तरांना घेऊन मोखाड्याला गेली. मीही वाट दाखवायला बरोबर होतो.

पाटील म्हणाले, मान दामूच्या घरचा आहे, त्याला विचारा. मडम चिडली. झगा तिचा, मापही तिचं, मग विचारायचं कशाला?

पाटील शांतपणे म्हणाले, "झगा तुमचा असंल, बाय. सोंग त्याचा हाय."

मामा रजेवर घरीच होते, ओटीवर बसलेले. झगा देव्हाऱ्याशेजारी खुंटीला होता, वर हळदकुंकू वाहिलेलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मडमीच्या पायांकडे पाहिलं.

"नाचा, बाय. पन आमचे घरचा सोंग टाचा टेकून नाचतो. जमंल का?"

मास्तरांनी शब्दाला शब्द सांगितलं. मडम ओटीच्या कडेला बसली आणि बुटांचे बंद सोडायला लागली.