कुंभेचा माणूस भिजलेला का असतो

जेवणं उरकून, ओटा आवरून मी माजघरात जरा आडवी झाले आहे. डोळा लागतोय न लागतोय. बाहेरच्या खोलीत माझ्या धाकट्या दिरांचं, प्रल्हादभाऊजींचं, बोलणं चालूच आहे. दहाव्याला कावळा शिवला नाही, हे ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतात. आम्ही सगळे वाईच्या घाटावर उन्हात ताटकळलो, सुचतील ती वचनं पिंडापुढे देऊन झाली, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तेव्हापासून भाऊजींचं एकच पालुपद. "मुलीने मडकं धरलं ना, म्हणून. तिच्या हातचं पाणी दादाला पोचलंच नाही."

आसावरी, आमची एकुलती एक, हे ऐकते आणि भरल्या ताटावरून उठते. उद्या तेरावा झाला की ती पुण्याला जाणार, आणि हे वाक्य जन्मभर बरोबर बाळगणार. मला भाऊजींचा संताप येतो, पण त्याहून जास्त येतो तो ह्यांचा. एक कावळा पाठवायला काय जात होतं?

टप टप आवाज येतो. बघते तर हे दारात उभे. खांद्यावर मातीचं मडकं, आणि डोक्यापासून पायापर्यंत ओलेचिंब.

"अहो, लादी आत्ता पुसलीय!"

"बघ," ते मडकं उपडं करून दाखवतात. "मी म्हणत नव्हतो, रिकामंच असतं?"

मरून परत आलेल्या नवऱ्याचं पहिलं बोलणं हे. मी कपाळाला हात लावते.

हे पंचांगाच्या छापखान्यात चित्रं काढायचे. दरवर्षी बारा राशी नव्याने काढायच्या. अकरा बिनबोभाट पार पडत, कुंभेला भांडण ठरलेलं. मालकांना भरलेला, पाणी ओतणारा घडा हवा. ह्यांचं म्हणणं, पुराणात कुंभेचा पुरुष रिकामा घडा खांद्यावर घेतलेला आणि अंगाने निथळणारा सांगितलाय. त्यात ह्यांची स्वतःची रास कुंभ, मग काय विचारता. मालक म्हणत, "अहो, रिकामा घडा कोण घरच्या भिंतीवर टांगून घेईल?" आणि मला ते पटायचं. हे निमूट भरलेला घडा काढून देत आणि घरी येऊन आमटीला नावं ठेवत.

मी टॉवेल आणायला उठते. टॉवेल दोरीवर आहे आणि दोरी छापखान्यात आहे. शाईचा वास येतो, यंत्र धडधडतंय. हे आपल्या उतरत्या टेबलाशी बसलेत, कागदावर पाणी ठिबकतंय.

"मालकाला हवा तो ग्रीकांचा पोरगा," ते सुरू करतात. "गरुडाने उचलून नेला, देवांना मद्य ओतायला. त्याचा घडा भरलेला असणारच. आपला तसा नाही."

"आणि अमृताचा कुंभ?" मी विचारते. विचारायला नको होतं.

"त्याचा हा पुरुष नव्हे! गुरू सिंहेत गेला की नाशिकला सिंहस्थ. कन्येत गेला की आपल्या कृष्णेला कन्यागत. कुंभेचा मान हरिद्वारला. हां, अगस्ती मात्र घड्यातून जन्मला, आणि त्याने अख्खा समुद्र..."

"अहो, पोरगी जेवत नाहीये!" मी ओरडते. यंत्र थांबतं. "अगस्तीचं काय घेऊन बसलात? कावळा का नाही पाठवलात?"

"कावळे माझ्या खात्यात कधीपासून?"

"कसली इच्छा राहिली होती ते तरी सांगा. आसावरीचं लग्न कबूल केलं, भाऊजींच्या पोराची फी कबूल केली. तुमचे ब्रश कोणाला देणार नाही म्हणून शपथ घेतली."

"इच्छा नव्हे गं." ते ओल्या मिशीवरून हात फिरवतात. "एक कोडं राहिलं होतं. घडा रिकामा, तर माणूस भिजलेला कसा? जन्मभर भांडलो, पण मलाच ठाऊक नव्हतं."

"चुलीत घाला तो घडा!"

"चल," ते म्हणतात.

छापखान्याचा उंबरा ओलांडते तो घाटापलीकडचं स्मशान. मी गेले नव्हते. आमच्यात बायका जात नाहीत. चितेभोवती आसावरी चालते आहे, पाठमोरी, खांद्यावर मडकं. मागून गुरुजी दगडाने टोचा मारतात, धार लागते. पुढच्या फेरीला आणखी एक. तिचा कुर्ता पाठीला चिकटलाय. रडत नाही, खांदा हलू देत नाही. एवढं एकटीने केलं पोरीने, आणि मी घरात बसून राहिले. शेवटी ती न बघता मडकं मागे सोडते.

"पाहिलंस?" हे कुजबुजतात. "घडा रिकामा, माणूस भिजलेला."

"ती भिजली. तुम्ही कसे भिजलात?"

आता तेच वैतागतात. "अगं, ती पाणी कोणाला देत होती?"

चारचौघांत कधी माझ्या जवळ उभं न राहिलेला हा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवतो. गार, निथळता हात.

"आणि मालकाला सांग..."

"मालकांचं राहू द्या हो, पोरीला काय..."

"आई, चहा." आसावरी माझ्यावर वाकली आहे. "खांद्यावर काय सांडलंस?"

मी मान वळवून बघते. पोलक्याच्या खांद्यावर ओला पंजा उमटलाय, पाची बोटं वेगळी दिसतात. आसावरी त्यावर आपला हात ठेवते. तिचा हात लहान पडतो.

"तुझे बाबा," मी म्हणते. "तू दिलेलं पाणी. अंगभर भिजलेत."

ती बराच वेळ हात उचलत नाही. बाहेर भाऊजी नव्या पाहुण्याला दहाव्यापासून सांगायला घेतात. आसावरी उठते, तळवा न पुसता बाहेर जाते आणि त्यांच्यापुढे उभी राहते.

"काका, पाणी पोचलंय," ती म्हणते. मग मागे वळून मला हाक मारते, "आई, पान वाढ. भूक लागलीय."