काही शंका, रावसाहेब?

आमच्या साडूंइतका सुरक्षिततेला वाहिलेला माणूस अख्ख्या आखातात सापडणार नाही, आणि माझा जीव त्यांच्याइतका दुसऱ्या कुणी टांगणीला लावलेला नाही. तेलाच्या कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर. घरी साधा बल्ब बदलायचा तरी डोक्यावर हेल्मेट आणि स्टुलाभोवती पिवळी पट्टी! एकदा ती पट्टी नेमकी स्वयंपाकघराच्या दारात आली. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, वाकून आत जायला साफ नकार दिला आणि त्या रात्री आम्ही सगळे केळी खाऊन झोपलो.

असा हा माणूस दर शुक्रवारी अब्बासियातल्या घरातून निघून जहरा गावाच्या पलीकडे एका शेतावर घोड्याकडून ओंडके ओढून घ्यायचा. "यांना एकटं सोडू नका हो," असं मेव्हणीबाईंनी बजावल्यामुळे बरोबर मी, गाढवालाही लांबून वळसा घालणारा. शेतमालकाला आपल्या बैठकीसाठी स्वतःच्याच वाळलेल्या झाऊच्या झाडांच्या फळ्या हव्या होत्या. ट्रॅक्टर घातला की पाण्याच्या नळ्या फुटायच्या; घोडा मात्र प्रत्येक नळी पाय उचलून ओलांडायचा. "कॅनडाहून फळी येते आणि इथला झाऊ उन्हात फुकट जातो, काही वाटतं का?" असं साडू मलाच दटावायचे, जणू कॅनडाची बोट मीच बोलावली होती.

घोडा थोराड, म्हातारा, खुरं परातीएवढी. साडू त्याला रावसाहेब म्हणत. साखळी अडकवण्याआधी त्याच्यासमोर ताठ उभं राहून, कंपनीत रोज सकाळी कामगारांना देतात तशी सूचना देत. "रावसाहेब, आज उतार आहे. ओंडका मागून घसरू शकतो. साखळीच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. काही शंका?" रावसाहेब कान हलवत. शंका मला ढीगभर असायच्या, पण मला विचारतो कोण?

मग साडूंची नोकरी संपली, मायदेशी परत जायचं ठरलं आणि मालकाने निकाल दिला, "तुम जाता, घोडा भी जाता. दूसरा आदमी साथ काम नहीं करता. खलास." म्हातारा घोडा कोण घेणार, आणि कशासाठी? या विचाराने साडूंचं जेवण सुटलं. एकदा त्यांनी सीटबेल्ट न लावता गाडी सुरू केली, तेव्हा मात्र मी मनापासून घाबरलो. शेवटी त्यांनी मालकाकडून एक संधी मागून घेतली: घोड्याने दुसऱ्या माणसाचं ऐकून दाखवायचं. दुसरा माणूस कोण, तर मी!

शेवटच्या शुक्रवारी साडू गाडीआड लपले. मालक हाताची घडी घालून उभा. मी साखळी अडकवली, लगाम ओढला, चुचकारलं, अरबीतून "यल्ला, यल्ला" केलं, अक्षरशः हात जोडले. रावसाहेब ढिम्म. मालकाने नकारार्थी मान हलवली. गेला हा घोडा, माझ्यामुळे गेला! आणि एकदम लक्षात आलं, अरे, सूचना कुठे दिली? मी समोर जाऊन उभा राहिलो. "रावसाहेब, आज... आज उतार आहे. साखळीपाशी कुणी उभं राहायचं नाही. काही शंका?"

कान हलले. मी टुणकन बाजूला झालो. साखळी ताणली गेली आणि ओंडका थेट फाटकापर्यंत गेला. मालक हसत सुटला. "ये इधर रहेगा! तुम हर जुमा आता!" म्हणजे आता दर शुक्रवारी मीच!

मी धावत गाडीकडे गेलो. "साडूभाऊ, राहिला! घोडा राहिला!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते. "छान झालं हो," ते म्हणाले. मग लांबवर पाणी पिणाऱ्या घोड्याकडे बघत हळूच विचारलं, "एकदाही वळून बघितलं नाही त्याने. मी इथे असल्याचा वास आला असेल का त्याला?"

वारा आमच्याकडून सरळ त्याच्याकडे वाहत होता.

"छे हो," मी म्हटलं, "आज वारा उलटा आहे."