पाण्याखालची घंटा

माझ्या फजित्या भोरात कुणाला ठाऊक नाहीत? साहेबांची सायकल घेऊन घरी गेलो आणि वर माझीच चोरीला गेली म्हणून बोंब मारली. स्वतःच्या साखरपुड्याला दोन पायांत दोन तऱ्हेच्या वहाणा घालून उभा राहिलो — सगळं मीच रंगवून सांगत आलोय. ही एक तेवढी राहिली. बायकोलाही ठाऊक नाही. का नाही सांगितली? हिच्यात हसू येत नाही म्हणून — एवढंच असावं का?

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी तेव्हा एक मोठं हॉटेल होतं. चाळीस-पन्नास टेबलं, वर पत्रा, तीन बाजू उघड्या, शेवटच्या ओळीतल्या खुर्च्यांचे पाय जवळजवळ पाण्यात. रविवारी दहाच्या सुमाराला पुण्याहून स्कूटरी यायच्या, एखादी फियाट. लोक खायला बसत ते एकपर्यंत उठत नसत — नाश्ता म्हणावा तर उशिराचा, जेवण म्हणावं तर लवकरचं. मिसळ, मग भजी, मग तळलेले मासे नि तांदळाची भाकरी, आणि पुन्हा चहा. पाण्यावरचं ऊन उलटं होऊन पत्र्यावर हलत राहायचं. त्या हलत्या उजेडाखाली माणसं हळू बोलायची — जवळच कुणी झोपलं असावं, तशी.

मी कचेरीतला कारकून. दर रविवारी सायकल मारत तिथं जायचो, आणि — खोटं कशाला बोलू — दुसऱ्यांच्या टेबलावर बसून खायचो. बदल्यात गोष्टी सांगायचो.

एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, या पाण्याखाली काय आहे? जुनं गाव आहे, देवीचं देऊळ आहे — हे खरंच. धरण झालं, गाव वर सरकलं. तिथं थांबायला हवं होतं. पण बाईंचा भजीचा हात अर्ध्यावर राहिला होता, डोळे पाण्यावर लागले होते... आणि माझ्या तोंडून निघून गेलं — देवळातली घंटा अजून वाजते. वारा पडला की. मी या कानांनी ऐकलीय.

सगळं टेबल ऐकू लागलं. मीसुद्धा! क्षणभर मला ती ऐकू आली, शपथेवर सांगतो — नको, शपथ नको.

मागं धोंडाक्का उभी होती, हातात भाकरीचं ताट. हॉटेलात भाकऱ्या थापायची. ती त्याच बुडालेल्या गावची. गाव उठलं तेव्हा तिच्या थोरल्या भावानं देवीची घंटा खांद्यावर वाहून नव्या देवळात टांगली, असं तो जन्मभर सांगत आला. गावातले टवाळ म्हणायचे, ही बाजारातली, जुनी खालीच राहिली. आक्का तेव्हा लहान, आजोळी होती. तिनं डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. दादाच्या शब्दावर तिचा विश्वास. हे मला माहीत नव्हतं का? होतं. तिनंच सांगितलं होतं.

"भाऊसाहेब, खरंच ऐकली तुमी? मंग आमचा दादा..."

बाई माझ्याकडं बघत होत्या. "ऐकली, आक्का," मी म्हणालो. "दोनदा."

दोनदा कशाला? एकदा पुरलं नसतं?

त्या भाऊबीजेला हॉटेल गच्च भरलं होतं. बघतो तर आक्का चुलीपुढं. मालक म्हणाला, "आक्का, आज हितं कशी? दादा वाट बघत आसतील की!"

"बघू दे. देवीच्या नावानं खोटं बोलनाऱ्याला म्या न्हाई ओवाळायची."

भावाचं घर समोरच्या उतारावर — चालत अर्धा तास. मी एक वाक्य बोललो असतो, तर ती पिठाचे हात धुऊन निघाली असती. एकच. पण माझ्या टेबलावर त्याच बाई बसल्या होत्या, चार मैत्रिणी घेऊन, मुद्दाम घंटेसाठी आलेल्या. भजी गरम होती. मी गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी, तीनदा ऐकली म्हणून.

माघात तिचा दादा गेला. तोवर ती त्याच्या दारात पाऊल टाकायला गेली नव्हती.

मग दुष्काळाचा उन्हाळा आला. पाणी खाली खाली गेलं. आधी कळस, मग अख्खं देऊळ वर आलं — ओलं, राखी, झोपेतून उठल्यासारखं. आक्का भेगाळलेल्या गाळातून एकटी तिथवर चालत गेली. त्या रविवारी मी चिखलाकडं तोंड करून बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली. घोट्यापर्यंत गाळ.

"घंटा न्हाई, भाऊसाहेब. नुसती कडी हाय. दादा सांगायचा, उतरवताना उंबऱ्यावर आदळली, दगडाचा टवका उडाला. हाय त्यो टवका. हात लावून आले."

मी शिवी यायची वाट पाहिली. खरं सांगतो, हवी होती ती.

"तुमचा काय दोष?" ती म्हणाली. "म्याबी ऐकली की. रोज ऐकत व्हते. पानीच लबाड."

आणि मी — मी म्हणालो, "व्हय आक्का. पाणीच लबाड."

ती आत गेली. थोड्या वेळानं माझ्यापुढं ताट आलं. भाकरी चांगली फुगली होती. मी ती सगळी खाल्ली.