शटरच्या आत माझे हात चालत होते

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या बायांच्या संघटनेत नाही, रुखसानाला तर नाहीच. मी रोज बोलणारी बाई. चौकात, शाळेत, अंगणवाडीच्या ओट्यावर, माईक असो नसो. आणि नेमकं एवढंच तोंडातून निघत नाही.

आमचं एक पत्रक आहे, 'भीती आणि मेंदू'. मीच लिहिलंय. जिवावर बेततं तेव्हा मेंदूचा विचार करणारा भाग मागं पडतो, माणूस पळतो नाहीतर जागच्या जागी गोठतो. म्हणून मार खाल्लेल्या बाईला 'ओरडली का नाहीस' असं विचारू नका. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच जड जातंय.

दोन वर्षांमागं आम्ही एक बालविवाह थांबवला. पोरगी नववीतली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पत्रकाच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात होते. मालक दुकान माझ्यावर सोडून जेवायला गेलता. माझी सोबतीण रुखसाना बाहेर पत्रकं वाटत होती. तेवढ्यात नवऱ्या मुलाकडचे चौघं काठ्या घेऊन आले. मी शटर ओढलं, आतून कडी घातली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. रुखसाना स्वतःच सांगते. तिचा हात दोन ठिकाणी मोडला, तरी शिबिरात ती माझंच उदाहरण देते. "पत्रक लिहिणारीच गोठली बघा. मग तुमची-आमची काय कथा?" बाया हसतात. मग माझ्याकडं वळून म्हणते, "हातच चालंनात हिचे. हिचा काय दोष?" मी मान हलवते. किती वेळा हलवली असेल?

हात चालत होते.

कसं सांगू — इतकं स्वच्छ डोकं माझं परीक्षेतसुद्धा चाललं नाही. घाबरले होते, ते खरं. पण डोकं? फटीतून मी बघत होते. रुखसाना शटरपाशी पोचली तेव्हा ते अजून पानटपरीजवळ होते. तिला आत घेऊन पुन्हा कडी लावण्याएवढा वेळ होता. "सुजे, उघड. मी हाय," ती म्हणाली. ओरडली नाही — मी उघडणारच, असं धरून म्हणाली. माझा हात कडीवर होता. आणि मनात आलं, उघडलं तर मी दिसेन. तक्रारीवर सही माझी होती. ते मला शोधत होते, तिला नाही.

मग मी फोन काढला आणि सायलेंटवर टाकला. वाजला तर आत कुणी आहे हे कळेल म्हणून. गोठलेल्या माणसाला एवढं सुचतं का?

दवाखान्यात तिनंच मला आधी विचारलं, "लई घाबरलतीस का गं?" मी हो म्हणाले. त्या एका 'हो'वर दोन वर्षं निघाली. मार खाल्लेल्या बायांसाठी लिहिलेलं पत्रक — त्याच्या आड मी जाऊन बसले.

पत्रकातलं खरं झालं ते तिच्या बाबतीत. सिरसाळ्याची गाडी समोर लागलेली असते आणि चढू का थांबू, हे तिला ठरवता येत नाही. भाजीवाल्यानं मेथी देऊ का पालक विचारलं तरी नुसती उभी राहते. हीच बाई आधी सगळ्या संघटनेचं एकटीनं ठरवायची.

परवा युसूफ वडगावचं शिबिर उरकून आम्ही बाजारातून निघालो. कुणीतरी दुकानाचं शटर खाली ओढलं. ती जागीच थांबली. तिनं चाचपडत माझा हात धरला, त्या मोडलेल्या हातानं.

मी धरू दिला.