रातकिड्यांची बिस्किटं

माझी वहिनी रातकिडे पाळते आणि लोकांना खायला घालते. झालं, सांगून टाकलं. ज्यांना तोंड वाकडं करायचंय त्यांनी आताच करून घ्या. मीही वर्षभर तेच केलं.

मागच्या खोलीत मोठे टब, त्यात अंड्यांचे रिकामे पुठ्ठे उभे रचलेले आणि त्यांच्या खाचाखाचांत किरकिर चाललेली. बिस्किटं करायच्या आदल्या दिवशी ती त्यांना उपाशी ठेवते, म्हणजे पोट साफ होतं. मग फ्रीझरमध्ये निपचित पडले की धुवायचे, उकळायचे, भट्टीत कडक करायचे, दळायचे आणि पिठात मिसळून बिस्किटं. "आम्ही किड्यांवर औषध मारतो, तुम्ही पाळणा हलवा," शेजारीण म्हणाली. वहिनीने ढुंकूनही पाहिलं नाही.

शिवणकारखान्यातली नोकरी सोडून तिने हे मांडलं होतं. त्याच कारखान्याच्या कँटीनवाल्याने तिला एक दुपार दिली. बिस्किटं खपली तर रोजची जागा, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही. वहिनीची एकच अट, टेबलावर फळा राहणार: यात रातकिडे आहेत, कोळंबी सोसत नसेल त्यांनी खाऊ नये. कोळंबीने ज्याच्या अंगावर गांधी उठतात, त्याला रातकिड्यांनीही उठू शकतात.

"असं लिहिल्यावर कोण खाणार, कपाळ?" दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा.

"लपवूनच खपवायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?"

ठरल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. मी आणि दादा टेबलाशी मदतीला होतो. लोक फळा वाचत, नाक मुरडत पुढे जात. वहिनी चहाची किटली आणायला आत वळली आणि आमच्या दादाने अक्कल पाजळली. फळा टेबलाखाली सरकवला नि ओरडला, "ताजी बिस्किटं, कुरकुरीत!" मी त्याला कोपराने ढोसलं, पण ऐकतो कुठला! बघता बघता रांग लागली. लोक मागून मागून खायला लागले.

वहिनी बाहेर आली, तेव्हा पुढे इस्त्रीवाली मावशी उभी होती, बिस्किट ओठांपाशी. ही मावशी एकदा कोळंबी खाऊन ओठ सुजल्याने दवाखान्यात पोचली होती, आणि तिला नेलं होतं वहिनीनेच.

"मावशी, थांब! खाऊ नकोस! रातकिडे आहेत त्यात!"

अख्खं कँटीन थबकलं. मग कोणी थुंकलं, कोणी नळाकडे धावलं, कटिंग मास्तर तर दादाच्या अंगावरच आला. कँटीनवाला म्हणाला, "आटपा. उचला हे सगळं."

वहिनीने टेबलाखालचा फळा काढून परत वर ठेवला. "न सांगता खायला घातलं, त्याची माफी मागते. चूक आमच्या माणसाची आहे, बिस्किटांची नाही. सुट्टी संपेपर्यंत जागा माझी आहे. मी हलणार नाही."

आणि हलली नाही. कोणी जवळ फिरकेना. मला रडू येत होतं, दादाचा तर असा राग आला होता की बोलायची सोय नाही.

"अहो, पाय असतात त्यांना!" कटिंग मास्तर लांबून म्हणाला.

"मी इथे कामाला होते तेव्हा तुमच्या डब्यात कोळंबी असायची ना? तिचे पाय मोजले होते का?"

कोणीतरी फिसकन हसलं. इस्त्रीवाली मावशी अजून तिथेच होती. तिने हातातलं बिस्किट ताटात परत ठेवलं आणि पदर सावरला.

"माझ्या नवऱ्याला कोळंबी चालते, पोरांनाही. त्यांच्यासाठी बांधून दे."

"घरी सांगशील ना, मावशी, कशाची आहेत ते?"

"सांगेन की. तू मला सांगितलंस तसंच, ओरडून."