फ्लॅट नंबर नसलेला देव

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे एक म्हसोबा आहे, इथे शेत होतं तेव्हापासूनचा. शेतवाल्या मावशी दर अमावास्येला नारळ घेऊन येतात. साधं बोलायच्या आधीही पदर खोचतात, भांडायला निघाल्यासारखा.

परवा कमिटीचा नवा नियम दाखवून गार्डने त्यांना अडवलं.

“कोणाकडे जायचंय?”

“म्हसोबाकडं.”

“फ्लॅट नंबर?”

“त्याला बांध हाय, फ्लॅट न्हाय.”

माझं डोकंच फिरलं. यांच्या शेतावर आम्ही राहायचं आणि परवानगी यांनी मागायची? मी गार्डला म्हणालो, “माझ्याकडे आल्यात, असं लिहा.”

“तुज्याकडं कशाला येऊ, लेका? तुला वळखतं कोण?”

मावशींनी वहीत ‘म्हसोबाकडे’ असंच लिहायला लावलं, दोनदा वाचून घेतलं आणि मगच त्या आत गेल्या.