सप्लायची लेक

स्टार्टअपवाल्यांचे शब्द मी पुण्यात एका कॅफेत बसून शिकले. शिकवणारा कॉलेजातला वर्गमित्र, पुढे आमच्या कंपनीचा सीईओ. कंपनीची कल्पना माझी, सीईओ तो. असं कसं झालं म्हणाल तर त्याचं इंग्रजी फर्डं होतं, आणि फर्डं इंग्रजी म्हणजेच अक्कल असं मला तेव्हा वाटायचं. ती कंपनी आता नाही. कशी बुडाली ते मी कुणाला फारसं सांगत नाही, पण आठवलं की अजून बरं वाटतं.

कल्पना साधी होती. मलकापूरहून मोताळ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथं माझी माय कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवते. हंगामात तिच्या फोनला उसंत नसते. कुणाला बाया उद्या हव्यात, कुणाला आजच, कुणाचा कापूस झाडावर लोंबतोय. माय भाकरी थापता थापता खांदा आणि कान यांच्यात फोन धरून सगळं जमवते. तेच काम अॅपवर आणायचं. शेतकरी शेत नोंदवेल, टोळीला कळेल, गाडी जाईल. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, हे तर टू-सायडेड मार्केटप्लेस आहे!" म्हणजे मागणारे आणि पुरवणारे यांची गाठ घालून देणारा बाजार. मायच्या कामाला इतकं भारदस्त नाव असेल असं मला वाटलं नव्हतं. मी हरखूनच गेले.

मग शब्दांची रांगच लागली. एमव्हीपी म्हणजे कमीत कमी खर्चात उभा केलेला, कसाबसा चालणारा पहिला नमुना. बर्न रेट म्हणजे दर महिन्याला किती पैसा जळतो ते. आमचा बहुतेक त्या कॅफेतच जळायचा. ट्रॅक्शन म्हणजे लोक खरंच वापरतायत याचा पुरावा. तो मी उन्हातान्हात गावोगाव फिरून, एकेका बाईच्या फोनमध्ये अॅप टाकून देऊन गोळा केला. पिव्होट म्हणजे फसलो हे कबूल न करता रस्ता बदलणं. आणि को-फाउंडर म्हणजे मी.

निदान मला तसं वाटत होतं. तो मात्र लोकांना माझी ओळख "ही आमचं ऑपरेशन्स बघते" अशी करून द्यायचा. पुढे पुढे "ही आमची ग्राउंडवरची मुलगी" एवढंच. मी एकदोनदा विषय काढला. तो हसून म्हणाला, "टायटलमध्ये काय असतं गं? आधी प्रॉडक्ट उभं राहू दे." मला तो शब्द हवा होता. पैशाचं नंतर बघता आलं असतं, पण ही कंपनी माझ्याही डोक्यातून निघाली आहे एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं, याची मला भूक होती.

ऑफिसात मायचा फोन आला की माझ्या तोंडून आपसूक 'मले', 'तुले' निघायचं. फोन ठेवला की तो सगळ्यांसमोर माझी नक्कल करायचा. "मले काय म्हाईत बाप्पा!" सगळे हसायचे. मीही हसायचे. त्याच्या नकलेपेक्षा माझं ते हसणं मला जास्त झोंबतं, आणि त्याचाही हिशेब मी त्याच्याच नावावर मांडला.

एकदा तो गावी आला होता. मायनं त्याला भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. त्यानं बोटं चाटत खाल्लं, मायला "मावशी, मावशी" केलं, चुलीपुढं तिचा फोटो काढला. पुढच्या आठवड्यात तो फोटो मला डेकमध्ये दिसला. डेक म्हणजे पिच करताना, गुंतवणूकदाराला गळ घालताना, दाखवायची चित्रांची मालिका. एका पानावर शेतकऱ्याचा फोटो, खाली लिहिलेलं 'डिमांड'. शेजारी माझी माय, पिठानं माखलेल्या हातांची, खाली 'सप्लाय'.

मी म्हटलं, "टोळीप्रमुख लिही ना."

"पिचमध्ये भावना नको गं," तो म्हणाला. "शेतकरी डिमांड, बाया सप्लाय. क्लीन आहे."

मायनं माझ्या फोनवर तो फोटो पाहिला तेव्हा ती खूश झाली. "खाली काय लिवलं वं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुह्या कामाचं नाव हाये माय." तेव्हाच मी मनात ठरवलं की याचं उट्टं काढायचं. कसं ते ठाऊक नव्हतं.

ते त्यानंच माझ्या हातात आणून दिलं.

आमच्याकडं कापसाचा पहिला वेचा सुरू करण्याआधी शेताची मालकीण सीतादही करते. कपाशीच्या झाडाखाली खडे मांडायचे, त्यांची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. ते झाल्याशिवाय त्या शेतातल्या बोंडाला कुणी हात लावत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी सीतादही नाही. पण मायच्या टोळीचा नियम पक्का आहे, ज्याचं वावर त्याचा रिवाज. ती रिवाज मोडून कुणाच्या वावरात शिरली असती तर पुढच्या हंगामात तिला कुणी बोलावलं नसतं. म्हणून अॅपमध्ये पहिल्या वेच्याची नोंद करताना मी एक प्रश्न टाकला होता : 'सीतादही झाली का?' 'नाही' म्हटलं तर टोळी निघणार नाही.

त्यानं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "एमव्हीपीत पूजापाठ? काढ हे. युजरला एक क्लिक जास्त पडतो." मी समजावायला गेले. तो म्हणाला, "अंधश्रद्धा नको, डेटा सांग." मी प्रश्न काढून टाकला.

पुढं मुंबईच्या एका गुंतवणूकदार बाईंचं आमचा पायलट बघायला यायचं ठरलं. पायलट म्हणजे छोट्या जागी घेतलेली खरीखुरी चाचणी. त्यानं हायवेलगतचं एक शेत फोटो बघून निवडलं. कापूस पांढराशुभ्र फुटलेला, कॅमेऱ्यात छान दिसेल म्हणून. शेतकरी तयार होता. पण आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला. "पोरी, रोहिणखेडले भावकीत मयत झाली. आमाले सुतक लागलं. सीतादही आता सुतक फिटल्यावरच होईन."

मी म्हटलं, "बरं काका."

त्याला एका ओळीचा निरोप पाठवला असता तर दुसरं शेत शोधता आलं असतं. मला ती नक्कल आठवली, डेकमधलं ते पान आठवलं, आणि मी फोन पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तो सगळ्यांना म्हणाला, "कुणाकडे काही ब्लॉकर?" ब्लॉकर म्हणजे काम अडवणारी गोष्ट. मी माइक बंदच ठेवला.

माय म्हणाली, "थ्या वावरात कायले नेऊन राह्यली बायाले? थे घर तं सुतकात हाये."

"वेचाले नाई माय, बसाले चाल. बायाचा रोज कंपनीनं आगाऊच देल्ला हाये."

मायनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी नेहमीपेक्षा जास्त बांधल्या.

मलकापूर स्टेशनवरून त्या बाईंना घेऊन तो गाडीनं आला. शेताच्या कडेला उभं राहून त्यानं झोकात फोनवरचं बटण दाबलं. थोड्याच वेळात टोळीची गाडी आली. बाई कौतुकानं बघत होत्या. बाया उतरल्या, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रांगेनं बसल्या. कुणी तंबाखू मळायला घेतली, कुणी पदरानं वारा घ्यायला लागलं.

"चला, सुरू करा," तो म्हणाला.

"सीतादही झाली नाई," माय म्हणाली.

"मावशी, आजच्या दिवस... बरं, दुप्पट मजुरी देतो."

"दुपटीनं सुतक फिटते काय, भाऊ?"

बाया पदराआड हसल्या. तो घामाघूम झाला. शेजारच्या शेतात जाऊ म्हणाला, तर तेही भावकीचंच, त्यापलीकडचंही. सगळ्या पट्ट्याला सुतक. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुमच्या अॅपला कळायला नको होतं का?"

तेव्हा तो माझ्याकडं वळला. "मॅडम, हिला माहीत असायला हवं होतं. ही इथलीच आहे. ही माझी को-फाउंडर आहे, ग्राउंडची सगळी जबाबदारी हिची."

को-फाउंडर. किती दिवस मी त्या शब्दाची वाट पाहिली होती! तो त्यानं दिला तो असा, खापर फोडायला डोकं हवं म्हणून. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पुण्यात जपून वापरलेली माझी शुद्ध भाषा त्या धुऱ्यावरच गळून पडली.

"नाई मॅडम," मी म्हटलं. "मी कायची को-फाउंडर? डेक पाहा, माह्यं नाव कुठी हाये काय त्यात? सीतादहीचा सवाल म्या अॅपात टाकला होता, यानं काढाले लावला. थ्या फोटोतली सप्लाय ही बसली, माही माय. अन् मी सप्लायची लेक."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर कापसाकडं वळवली. बाईंनी घड्याळ पाहून ड्रायव्हरला परतीच्या गाडीची वेळ विचारली. कंपनी खरं तर तिथंच संपली, कागदोपत्री संपायला पुढं काही महिने लागले. माझे कष्टही तिच्याबरोबर गेले. गेले तर गेले. मला पश्चात्ताप नाही.

मायनं मला हळूच विचारलं, "सप्लाय म्हंजे काय वं?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. "माल, माय. दुकानात येते ना, थो माल."

मायनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "अन् हा आपल्या घरी जेवून गेलता," ती म्हणाली.

मग तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. बायांनीही आपापली फडकी उलगडली. आमच्याकडं धुऱ्यावर जेवायला बसलं की नजरेत येईल त्या माणसाला हाक मारायची रीत आहे, मग तो वाटसरू असो की वैरी. मायनं ड्रायव्हरला हाक मारली, "ये भाऊ, जेवाले." मुंबईच्या बाईंना तिनं स्वतःचं लुगडं सावरून शेजारी जागा करून दिली. "या बाई, गोड लागन." बाई चपला काढून खाली बसल्या.

त्याला कुणी 'या' म्हटलं नाही. तो कपाशीच्या कडेला उभा राहिला आणि आम्ही पोटभर जेवलो.